मालवाहू विमानाच्या कॉकपिटमध्ये इंटरनेट हवे का?

प्रस्तावना

रात्रीचे दोन वाजले आहेत. एक मालवाहू विमान समुद्रावरून चालले आहे. मागे शंभर टन माल आहे, प्रवासी एकही नाही. पुढे दोन वैमानिक बसले आहेत. जमिनीवर बसून आपण फोनवर पावसाचे ढग कुठे सरकत आहेत हे पाहू शकतो. या दोघांना मात्र अनेकदा चार ओळींच्या मजकुरावर भागवावे लागते. हे कळले की 'त्यांना इंटरनेट द्यायलाच हवे' असे आपण सहज म्हणून जातो. या पाठात हाच प्रश्न तीन भागांत पाहू. वैमानिकापर्यंत माहिती आज कशी पोहोचते? मालवाहू विमानाची गरज वेगळी का आहे? आणि जिथे अपघात झाले, तिथे इंटरनेटने काय साधले असते?

१. आज माहिती कशी पोहोचते

जमिनीवरून उडताना वैमानिक नियंत्रकाशी व्हीएचएफ रेडिओवर बोलतो. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. त्यामुळे पृथ्वीच्या वक्रतेपलीकडे त्यांचा उपयोग होत नाही. ३५,००० फुटांवरच्या विमानासाठी ही मर्यादा साधारण ४०० किलोमीटर असते. त्यापलीकडे, म्हणजे अरबी समुद्राच्या मध्यभागी किंवा पॅसिफिक महासागरावर, एचएफ रेडिओ किंवा उपग्रह लागतो.

बोलण्याखेरीज मजकूर पाठवण्याची सोयही आहे. 'एकार्स' नावाची ही व्यवस्था १९७८ मध्ये सुरू झाली. कंपनीचे निरोप, विमानतळांचे हवामान, इंजिनाच्या नोंदी अशा गोष्टी तिच्यावरून जातात. नियंत्रकाचे लेखी आदेश आणि वैमानिकाची लेखी उत्तरे यांसाठी 'सीपीडीएलसी' ही वेगळी व्यवस्था आहे. समुद्रावरील उड्डाणांत तिचा मोठा उपयोग होतो.

म्हणजे कॉकपिट आजही जगापासून तुटलेले नाही. पण हे इंटरनेट नव्हे. येथे ठरलेल्या नमुन्याचे संदेश ठरलेल्या ठिकाणांमध्येच जातात.

२. अरुंद वाटेचे गणित

मूळ एकार्सचा वेग सेकंदाला २४०० बिट आहे. एका विमानतळाचा हवामान अहवाल साधारण १०० अक्षरांचा असतो. दर अक्षराला ८ बिट धरले तर ८०० बिट होतात आणि ते पाठवायला एक तृतीयांश सेकंद लागतो.

आता ढगांचे एक रंगीत चित्र घेऊ. ते ५०० किलोबाइटचे आहे असे माना. म्हणजे ४० लाख बिट. त्याला २४०० ने भागले तर सुमारे १६६७ सेकंद, म्हणजे जवळजवळ २८ मिनिटे लागतात. ताशी ९०० किलोमीटर वेगाने चाललेले विमान तेवढ्या वेळात ४२० किलोमीटर पुढे गेलेले असते. जिथले ढग बघायचे होते ती जागा कदाचित मागे पडलेली असते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मोजक्या शब्दांची निकड जुन्या व्यवस्थेने भागते. चित्रे, नकाशे आणि वाऱ्यांचे सविस्तर अंदाज यांना रुंद वाट लागते. विमानाच्या नाकातील रडार पुढचा पाऊस दाखवते हे खरे. पण जोरदार पावसाच्या पहिल्या भिंतीमागे काय आहे हे त्याला नीट दिसत नाही आणि दोन तासांनंतरच्या टापूबद्दल ते काहीच सांगत नाही. ही उणीव इंटरनेट भरून काढू शकते.

३. मालवाहू विमानाचे वेगळेपण

पहिला फरक खर्चाचा आहे. प्रवासी विमानावर उपग्रहाचा अँटेना बसवला की त्याचा खर्च प्रवाशांना दिलेल्या सेवेतून काही अंशी तरी निघतो. मालवाहू विमानात तोच अँटेना फक्त दोन-चार माणसांसाठी बसवावा लागतो. त्याचे वजन आणि हवेचा अडथळा यांमुळे थोडे इंधनही जास्त जळते. म्हणून येथे फायदा आकड्यांत दाखवावा लागतो. तो दाखवता येतोही. मोठे चार इंजिनांचे मालवाहू विमान तासाला सुमारे १० टन इंधन जाळते. वाऱ्याचा ताजा अंदाज मिळून पाच मिनिटे वाचली तर ८०० किलोहून अधिक इंधन वाचते.

दुसरा फरक वेळेचा आहे. माल सकाळी पोहोचायचा म्हणून विमान रात्री उडते. शरीर झोप मागत असते तेव्हा वैमानिकाला सर्वांत अवघड काम, म्हणजे उतरण्याचे काम, करावे लागते. अमेरिकेत वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०१४ मध्ये लागू झाले; त्यांतून मालवाहू उड्डाणे वगळण्यात आली.

तिसरा फरक मालाचा आहे. लिथियम बॅटऱ्यांसारखा धोकादायक माल मोठ्या प्रमाणात मागे असू शकतो आणि तो पेटला तर मदतीला केबिन कर्मचारी नसतात.

४. दोन अपघात

३ सप्टेंबर २०१० रोजी यूपीएस कंपनीचे ७४७ मालवाहू विमान दुबईहून कोलोनला निघाले. सुमारे २२ मिनिटांनी आगीची सूचना आली. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. विमान तेव्हा बहरीनच्या नियंत्रकांशी बोलत होते. वैमानिकांनी दुबईला परतायचे ठरवले, पण कॉकपिट धुराने इतके भरले की उपकरणे दिसेनात आणि रेडिओवर दुबईची वारंवारता लावता येईना. बहरीनचा आवाज टप्प्याबाहेर गेला. शेवटी आसपासच्या इतर विमानांनी निरोप पोहोचवले. कॅप्टनचा ऑक्सिजन बंद पडला, सहवैमानिक एकटा राहिला आणि विमान दुबईजवळ कोसळले. दोघेही मरण पावले.

येथे इंटरनेट काय करणार होते? ज्याला समोरचा आकडा दिसत नाही, त्याला पडद्यावरचा नकाशाही दिसत नाही. त्याला हवी होती धुरातही दिसण्याची सोय, आग रोखून धरणारी मालाची पेटी आणि न हुकणारा आवाजी संपर्क.

दुसरा अपघात १४ ऑगस्ट २०१३ चा. त्याच कंपनीचे एअरबस ए३०० मालवाहू विमान पहाटेच्या अंधारात लुईव्हिलहून बर्मिंगहॅमला (अलाबामा) पोहोचले. मोठी धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद होती, म्हणून लहान धावपट्टीवर उतरायचे होते. ढगांतून सुमारे १,००० फुटांवर बाहेर पडू, अशी वैमानिकांची समजूत होती. प्रत्यक्षात ढग त्याहून बरेच खाली होते. विमान धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला धडकले आणि दोन्ही वैमानिक दगावले. चौकशीत मुख्य दोष अस्थिर उतरणीचा आणि उंचीकडे लक्ष न राहिल्याचा ठरला. पण पूरक कारणांत थकवा आणि अपुरी हवामान माहिती यांचीही नोंद झाली. ढगांची उंची बदलती आहे, हे सांगणारा भाग हवामान अहवालाच्या शेवटच्या टिपणीत होता. कंपनीच्या संगणक प्रणालीने ती टिपणी गाळूनच अहवाल पुढे पाठवला होता.

हे उदाहरण नीट पाहा. वाट अरुंद होती म्हणून ही माहिती अडली नाही. ती एका ओळीत मावत होती. काय पाठवायचे हे ठरवताना चूक झाली. इंटरनेट असते तर वैमानिकांना मूळ अहवाल उघडता आला असता, हे खरे. पण पहाटे, थकलेल्या अवस्थेत, उतरणीच्या तयारीत असताना तो शोधायचा कोणी? महत्त्वाची माहिती वैमानिकाने शोधायची नसते. ती त्याच्यासमोर यायला हवी.

५. लक्ष विचलित होण्याचा धोका

२१ ऑक्टोबर २००९ रोजी नॉर्थवेस्ट कंपनीचे प्रवासी विमान मिनियापोलिस हे आपले ठिकाण ओलांडून शंभराहून अधिक मैल पुढे गेले. तासाहून जास्त वेळ त्याचा रेडिओ संपर्क नव्हता. दोन्ही वैमानिक लॅपटॉपवर ड्यूटीच्या नव्या वेळापत्रक प्रणालीबद्दल पाहत होते. त्यासाठी इंटरनेटही लागले नाही. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेने वैमानिकांना कामावर असताना लॅपटॉप आणि फोनचा खासगी वापर करण्यास मनाई केली. १०,००० फुटांखाली उड्डाणाशी संबंध नसलेले बोलणेही टाळायचे, हा नियम तर १९८१ पासून आहे.

काहीजण म्हणतात, रात्रीच्या कंटाळ्यात इंटरनेट जागे ठेवील. पण पडद्यावर खिळलेले डोळे आणि उपकरणांवर असलेले डोळे यांत फरक आहे. थकव्यावर उपाय विश्रांतीचा आहे. त्याची जागा इंटरनेटला देणे म्हणजे दुखणे झाकणे होय. लांब उड्डाणात तिसरा-चौथा वैमानिक मागे विश्रांती घेत असतो. घरापासून आठवडाभर दूर असलेल्या त्या माणसाने तेथून घरच्यांशी बोलणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ती नाकारण्याचे कारण नाही.

सारांश

'कॉकपिटला इंटरनेट हवे का' या प्रश्नाची उत्तरे तीन आहेत. नियंत्रकाशी संपर्क आणि आणीबाणी यांसाठी: नाही, तेथे साधी, खात्रीची आणि स्वतंत्र व्यवस्थाच हवी. हवामान, वारे आणि मार्ग यांची ताजी माहिती कॉकपिटमधील टॅब्लेटवर आणण्यासाठी: होय, पण ठरावीक कामांपुरते, विमानाच्या नियंत्रण प्रणालींपासून वेगळे ठेवलेले आणि बंद पडले तरी उड्डाण अडणार नाही असे. वैमानिकाच्या करमणुकीसाठी: आसनावर असताना नाही.

स्वाध्याय

१. बर्मिंगहॅमच्या अपघातात माहिती नेमकी कोणत्या टप्प्यावर गळाली? ती गळू नये म्हणून तुम्ही कोणता बदल सुचवाल?
२. जोडणीचा वेग सेकंदाला २ लाख बिट असेल, तर ५०० किलोबाइटचे चित्र यायला किती वेळ लागेल? तेवढ्यात विमान किती पुढे जाईल?
३. रेल्वेचा लोको पायलट किंवा रात्रीचा ट्रकचालक यांना हीच तीन उत्तरे लागू पडतील का? कारणे द्या.