एका आयसीयू बेडला माणसं किती लागतात?

आष्ट्याहून एका वाचक भगिनींचा प्रश्न आला आहे. त्यांची लेक आयर्लंडमध्ये नर्स आहे. त्या लिहितात, 'दुसऱ्या लाटेत घरच्या पेशंटसाठी आम्ही इस्लामपूर, सांगली, मिरज सगळीकडे फोन लावले. जो तो म्हणे, ऑक्सिजन बेड बघतो, व्हेंटिलेटरचं विचारू नका. लेक तिकडून सांगायची, आई, आमच्याकडेही आयसीयू कमीच आहेत. एवढ्या श्रीमंत देशात कमी कशा? आणि शाळेत, वसतिगृहात, मंगल कार्यालयात रातोरात खाटा पडत होत्या, तर आयसीयूच्याच का पडत नव्हत्या?'

प्रश्नाचा दुसरा भाग मला फार मोलाचा वाटतो, पण आधी पहिल्याचं बघू. आयर्लंडची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत सांगली आणि सातारा हे दोन जिल्हे मिळून ५८ लाखांवर होते, म्हणजे अख्खा देश आपल्या दोन जिल्ह्यांपेक्षा लहान. कोविडची साथ आली तेव्हा या देशाच्या सरकारी रुग्णालयांत प्रौढांसाठी आयसीयूचे २५५ बेड होते. लाखामागे पाच. जर्मनीत तेव्हा लाखामागे तीसच्या आसपास होते. विशेष म्हणजे आयर्लंडला हे माहीत होतं. २०२० पर्यंत ५७९ बेड लागतील असा अहवाल त्यांनी २००९ मध्येच करून घेतला होता. त्याच सुमारास आर्थिक मंदी आली आणि अहवाल मागे पडला.

आता आपल्याकडे या. एप्रिल २०२० मध्ये संशोधकांच्या एका गटाने भारतातल्या खाटांचा अंदाज मांडला होता: एकूण १९ लाख, त्यात आयसीयूच्या सुमारे ९५ हजार, व्हेंटिलेटर ४८ हजार. लोकसंख्येने भागलं की लाखामागे सात येतात. कागदावर आपण आयर्लंडच्या पुढे निघतो! आयसीयूच्या या खाटांपैकी निम्म्याहून जास्त खासगी होत्या हे लक्षात घेतलं तरी आकडा आयर्लंडपेक्षा वाईट दिसत नाही. आणि तरीही २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत इथं काय झालं ते ज्याला त्याला ठाऊक आहे. तेव्हा खाटा मोजून जे कळतं, त्यात काहीतरी मोठं निसटतं आहे.

निसटतं ते खाटेशेजारी उभं असलेलं माणूस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक नर्स, तीही चोवीस तास, हा जगभर मानला जाणारा नियम आहे. रुग्ण खोकू शकत नाही, म्हणून नळीतला कफ ओढून काढावा लागतो. रक्तदाब सांभाळणाऱ्या औषधाचा पंप तासातासाला कमीजास्त करावा लागतो. कूस बदलावी लागते, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून बघावं लागतं. आठवड्याचे तास १६८. आयर्लंडमधली नर्स तेव्हा आठवड्याला ३९ तास काम करायची. भागाकार ४.३ येतो, रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की एका बेडमागे पाचाहून जास्त नर्स. आपल्याकडे आठवड्याला सहा पाळ्या धरल्या तरी एकवीस पाळ्यांना साडेतीन माणसं, आणि रात्रपाळीची सुट्टी वगैरे धरून चार. वीस बेडचा आयसीयू म्हणजे आयसीयूत तयार झालेल्या ऐंशी सिस्टर आणि ब्रदर. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, वॉर्डबॉय वेगळे. वसतिगृहात खाटा एका रात्रीत पडतात. ही ऐंशी माणसं रातोरात कुठून आणणार?

आयसीयू नावाची गोष्ट जन्माला आली तीच मुळी माणसांच्या हातांतून, आणि ती हकीकत मला इतकी आवडते की इथं थोडं रेंगाळणार आहे.

१९५२ चा उन्हाळा, कोपनहेगन. पोलिओची भयंकर साथ. साथीच्या रोगांचं ब्लेगडॅम रुग्णालय मुलांनी भरून गेलेलं. पोलिओने श्वासाचे स्नायू लुळे पडले की त्या काळी एकच उपाय होता, 'लोखंडी फुप्फुस'. मानेपर्यंत रुग्णाला पिंपात ठेवायचं आणि आतली हवा ओढून छाती फुगवायची. रुग्णालयात असं पिंप एकच होतं, आणि छातीवर बसवायची तशीच छोटी यंत्रं सहा. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. प्रमुख होते प्रा. लासेन, संसर्गजन्य रोगांचे मोठे तज्ज्ञ. त्यांच्या हाताखालच्या मोगेन्स ब्यर्नेबो या तरुण डॉक्टरने सुचवलं की ब्यर्न इब्सेनला बोलवा. इब्सेन भूलतज्ज्ञ. धनुर्वाताने आखडलेल्या एका तान्ह्या बाळाला त्याने हाताने श्वास देत सांभाळलं होतं, आणि ते ब्यर्नेबोने पाहिलं होतं. भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर येऊन वॉर्डात उपचार सांगायचे, ही कल्पनाच तेव्हा विचित्र होती. इतिहासात इब्सेनचं नाव अजरामर झालं, लासेनचंही राहिलं; ब्यर्नेबोचं नाव मात्र क्वचितच कुणी घेतं. मला वाटतं, योग्य वेळी योग्य माणसाचं नाव सुचवणं हेही विज्ञानातलं मोठं काम आहे.

इब्सेनने शवविच्छेदनं पाहिली. फुप्फुसं मरण यावं इतकी बिघडलेली नव्हती. रक्तात बायकार्बोनेटचं प्रमाण प्रचंड वाढलेलं दिसत होतं, आणि डॉक्टर त्याचा अर्थ लावत होते की रक्त अल्कधर्मी होतं आहे. इब्सेन म्हणाला, उलट आहे. श्वास अपुरा पडतो, कार्बन डायऑक्साइड आत साठतो आणि मुलं त्यानं मरतात. २७ ऑगस्टला विवी नावाच्या बारा वर्षांच्या मुलीवर त्याने ते दाखवून दिलं. श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी घातली, पण मुलगी झुंजू लागली, श्वासनलिका आवळली, हवा आत जाईना. पाहायला जमलेले डॉक्टर हळूहळू खोलीतून निघून गेले. इब्सेनने तिला भुलीचं औषध दिलं, तिची धडपड थांबली, आणि मग रबरी पिशवी दाबून तो तिच्या फुप्फुसांत हवा भरत राहिला. मुलीच्या अंगावर रंग परत आला.

पुढचं सगळ्यात मोठं. व्हेंटिलेटर नव्हते, म्हणून वैद्यकीय महाविद्यालयातले विद्यार्थी बोलावले. सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्‌महिने एकेका मुलाच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. एका वेळी सत्तरपर्यंत रुग्ण अशा हाताच्या श्वासावर होते. एकूण तास भरले १ लाख ६५ हजार. विद्यार्थी मुलांना गोष्टी वाचून दाखवत, खेळ खेळत, आणि त्यातली काही मुलं त्यांच्या हातांखालीच गेली. पण मृत्यूचं प्रमाण ८७ टक्क्यांवरून निम्म्याहून खाली आलं. पुढच्या वर्षी, डिसेंबर १९५३ मध्ये, इब्सेनने कोपनहेगनमध्ये जगातला पहिला आधुनिक आयसीयू सुरू केला. एवढी माणसं कायम कुठून आणायची, या निकडीतून युरोपात व्हेंटिलेटर झपाट्याने विकसित झाले.

आपल्या १०८ रुग्णवाहिकेत असते ती अंबू बॅगही डेन्मार्कचीच. ट्रकचालकांच्या संपाने ऑक्सिजनचे सिलिंडर मिळेनासे झाले, तेव्हा साध्या हवेवर आपोआप फुगणाऱ्या पिशवीचा ध्यास हेनिंग रुबेन या भूलतज्ज्ञाने घेतला, आणि १९५६ मध्ये ती बाजारात आली. मुंबईत डॉ. फारोख उदवाडिया यांनी भारतातल्या अतिदक्षता उपचारांचा पाया घातला, त्यातही धनुर्वाताचे रुग्ण होते. धनुर्वातावर त्यांनी पुढे ग्रंथच लिहिला.

आता आपल्या भागात येऊ. २३ मार्च २०२० ला इस्लामपुरात सौदी अरेबियाहून परतलेल्या एकाच कुटुंबातले चौघे बाधित निघाले, आणि आठवडाभरात ही साखळी पंचविशीच्या घरात गेली. महाराष्ट्राचं लक्ष इस्लामपूरच्या वाळवा तालुक्याकडे लागलं. रुग्ण मिरजेच्या शासकीय रुग्णालयात हलवले आणि बहुतेक सगळे बरे होऊन घरी आले. रुग्ण मोजके होते, गंभीर त्याहून मोजके, आणि हात पुरेसे होते.

वर्षभराने तीच मिरज अपुरी पडली. मिरजेला दवाखान्यांची परंपरा १८९० च्या दशकातली, वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासूनची. बेळगाव-विजापूरपर्यंतचे पेशंट इथं येतात. त्यामुळे आष्ट्यातल्या माणसासाठी जिल्ह्याचे बेड अमुक इतके, हा हिशेब कधीच खरा नव्हता. आणि तालुक्यातलं ग्रामीण रुग्णालय नियमाने तीस खाटांचं. व्हेंटिलेटरचा पेशंट सांभाळायला ते उभारलेलंच नसतं. त्यात मुंबईतली लाट ओसरल्यावरही सांगली, सातारा, कोल्हापूर जुलैपर्यंत तापत राहिले, आणि जुलैअखेरीस कृष्णेला पूर आला. याच काळात मिरजेतल्या एका खासगी कोविड रुग्णालयावर गुन्हा दाखल झाला. पुरेशी तज्ज्ञ माणसं नसताना रुग्ण घेतल्याचा आरोप होता, आणि तिथं ८७ मृत्यू झाल्याचं तपासात पुढे आलं. फलकावर 'आयसीयू' लिहायला काहीच लागत नाही.

इथं एक गणित सांगतो, ते ऊसपट्ट्यात चटकन कळेल. कारंदवाडीच्या कारखान्याच्या यार्डात किती गाड्या उभ्या असतील? तासाला जितक्या येतात, गुणिले प्रत्येक गाडी जितके तास थांबते. बस्स. गाड्या तेवढ्याच आल्या पण थांबणं दुप्पट झालं, तर यार्ड दुप्पट भरतं. जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने १९६१ मध्ये हा साधा दिसणारा नियम काटेकोर सिद्ध केला. आयसीयूला लावा: वीस बेड, आणि कोविडचा रुग्ण सरासरी दहा दिवस राहतो. म्हणजे दिवसाला नवे रुग्ण फक्त दोन. मुक्काम पंधरा दिवसांचा झाला की दिवसाला दोनसुद्धा नाहीत. वर्तमानपत्रात रोज 'शिल्लक बेड: ०' छापून यायचं. त्या शून्याचा अर्थ यंत्रणा झोपली होती असा नव्हता. आतले रुग्ण जगवले जात होते म्हणून बेड रिकामा होत नव्हता.

आणि ऑक्सिजन. 'हाय फ्लो' यंत्र मिनिटाला ६० लिटरपर्यंत वायू देतं. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर. पूर्ण ऑक्सिजनवर असलेला एक रुग्ण दोन तासांच्या आत एक जम्बो संपवतो, दिवसाला बारा. एक टन द्रवरूप ऑक्सिजन अशा नऊ रुग्णांनाही दिवसभर पुरत नाही. भिलाई, बेल्लारीच्या पोलाद कारखान्यांतून टँकर आणावे लागले, विशाखापट्टणमहून रेल्वेने आणले, ते यासाठी. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून काही काळ दाब गेला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. त्यांच्याकडे बेड होते, व्हेंटिलेटरही होते.

म्हणून २०२० मधल्या व्हेंटिलेटरच्या गाजावाज्यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता. गाड्यांचे कारखाने व्हेंटिलेटर बनवणार, अमुक हजार आले, तमुक हजार निघाले, अशा बातम्या महिनोन्‌महिने चालल्या. ते चालवणाऱ्यांची भरती किती झाली, ही बातमी क्वचित आली. मराठवाड्यात केंद्राकडून आलेल्या यंत्रांच्या तक्रारी मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेल्या. देशभर कित्येक ठिकाणी यंत्रं खोक्यांतच राहिली, कारण हाताळणारं कुणी नव्हतं. जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार, आणि त्यानंतर आयसीयूत हात बसायला आणखी काळ लागतो. ही वर्षं कुठलाही कारखाना कमी करून देत नाही.

खरा फायदा ज्यांनी झाला, त्या गोष्टी स्वस्त होत्या. पालथं झोपवणं घ्या. फ्रान्समधल्या डॉ. ग्येरां यांनी २०१३ मध्येच दाखवलं होतं की फुप्फुसं फार बिघडलेल्या व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना दिवसातले सोळा-सतरा तास पालथं ठेवलं तर २८ दिवसांतले मृत्यू ३३ वरून १६ टक्क्यांवर येतात. यंत्र नवं लागत नाही. पण नळ्यांसकट एक माणूस पालथा करायला चार-पाच जण लागतात, पुन्हा हातच! दुसरं डेक्सामेथासोन, गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळणारं जुनं औषध. १६ जून २०२० ला ऑक्सफर्डच्या चाचणीचा निकाल आला: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू एक तृतीयांशाने घटले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना त्याचा फायदा नव्हता, हेही त्याच चाचणीने सांगितलं, आणि ते आपल्याकडे पुरेसं ऐकलं गेलं नाही.

आयर्लंडचं काय झालं? नाताळात निर्बंध सैल झाले आणि जानेवारी २०२१ मध्ये लोकसंख्येच्या मानाने जगातला सर्वाधिक संसर्ग काही दिवस तिथं होता. एकट्या कोविडचे २२१ रुग्ण आयसीयूत पोहोचले. ऑपरेशन थिएटरमधल्या आणि इतर विभागांतल्या नर्स आयसीयूत आणल्या, नेहमीच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या, बऱ्याच रुग्णांना वॉर्डातच हाय फ्लोवर ठेवलं. एका नर्समागे एक रुग्ण हा नियम ताणला गेला. भगिनींची लेक 'कमी आहेत' म्हणत होती ते याच अर्थाने असावं. ४४६ बेडची योजना त्यांनी डिसेंबर २०२० मध्येच मंजूर केली होती, ती बेडसोबत माणसांच्या भरतीचीही.

यार्डातल्या गणिताला दोन बाजू आहेत, मुक्काम आणि आवक. औषधांनी, पालथं झोपवण्याने मृत्यू कमी झाले. पण आवक तोडली ती लसीने. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनने आयर्लंडमध्ये रोजच्या रुग्णसंख्येचे सगळे उच्चांक मोडले, दिवसाला वीस हजारांवर नोंदी जात होत्या. तेव्हा त्यांच्या आयसीयूत कोविडचे रुग्ण होते शंभराच्या आसपास, वर्षापूर्वीच्या निम्मे.