लेझीम परमुलखात जाते तेव्हा

शिरूरला रेल्वे नाही. लांबच्या प्रवासाला निघायचे म्हणजे आम्हांला आधी एस. टी.ने दौंड गाठावे लागते. भीमेकाठचे हे मोठे जंक्शन. एक मार्ग सोलापूरकडे जातो, तर दुसरा मनमाडवरून उत्तरेची वाट धरतो. मी नववीत असताना दिवाळीच्या सुटीत आमच्या शाळेचे लेझीम पथक याच फलाटावरून उत्तरेतील एका शहरी युवक शिबिरासाठी निघाले. आमच्यातील बहुतेकांनी तोवर पुण्यापलीकडचा मुलूख पाहिलेला नव्हता. ती भाषा, ते जेवण, ती थंडी, सारेच आम्हांला परदेशासारखे! पांढरा सदरा, भगवा फेटा, चोवीस लेझमा, झांजा, ढोल, हलगी असे सारे सामान आम्ही दोनदा मोजून घेतले होते. तरीही एक गोष्ट मागे राहिली. ती कोणती, हे कळण्यासाठी लेझीम मुळात चालते कशी, ते आधी पाहिले पाहिजे.

‘लेझीम’ हा शब्द फारसीतून आला. तिरंदाजीच्या सरावासाठी दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेले धनुष्य, हा त्याचा जुना अर्थ. म्हणजे मुळात हे वाद्य नव्हे, तर व्यायामाचे साधन! महाराष्ट्राच्या आखाड्यांत आणि यात्रांत ते रुळले. साखळीत पत्र्याच्या चकत्या आल्या, दांडा हलका झाला आणि व्यायामाला नाद मिळाला. पुढे शाळांच्या कवायतीत ती शिरली. ‘चार आवाज’, ‘दो रुख’, ‘आगे फलांग’ ही हातांची नावे आपल्यापैकी अनेकांनी मैदानावर ऐकली असतील. दांडा आणि साखळी एकमेकांपासून दूर नेली की एक आवाज, जवळ आणली की दुसरा. एकट्याने केले तर नुसता खुळखुळाट. चोवीस जणांनी एका क्षणी केले तर अंगावर काटा येतो.

शाळेत लेझमीची सावत्र बहीण म्हणजे बँड. आमचे शिरूर, म्हणजे जुने घोडनदी, हे एकेकाळी इंग्रजांच्या छावणीचे गाव. ३१ डिसेंबर १८१७ रोजी कोरेगावकडे गेलेली कंपनीची फौज येथूनच निघाली होती. पलटणी गेल्या, पण त्यांच्या कवायतीचा ताल देशभरच्या शाळांच्या बँडपथकांत राहिला. त्याचे गणित सोपे आहे. तेज चालीत मिनिटाला १२० पावले, दर पाऊल ३० इंच. म्हणजे मिनिटाला बरोबर १०० यार्ड. बँडची लय अशी ठरलेली असते. लेझमीचे तसे नाही. ती संथ सुरू होते, चढत जाते आणि शेवटी वादळासारखी येते. ही लय कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नसते. ती हलगीवाल्याच्या मनगटात असते.

येथे थोडे पदार्थविज्ञान सांगतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. हलगीपासून ३४ मीटर दूर असलेल्या गड्याला ठोका एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोके असतील तर दोन ठोक्यांत अर्धा सेकंद अंतर असते. म्हणजे तो गडी एक पंचमांश ठोका मागे पडला! म्हणूनच हलगीवाला एका टोकाला उभा न राहता खेळणाऱ्यांच्या मधोमध फिरतो.

हलगी दिसायला साधी. गोल कड्यावर ताणलेले बकऱ्याचे कातडे, एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्या हातात लांब बारीक काडी. पण कातडे हवेतला ओलावा शोषते, सैल पडते आणि आवाज बसतो. मग जाळ करून ते शेकावे लागते. किती शेकायचे, याचेही ज्ञान लागते. कमी शेकले तर आवाज भद्द, जास्त शेकले तर कातडे फाटते.

आमच्या पथकात हे ज्ञान एकालाच होते. तो माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर बसे. त्याचे वडील लग्नांत आणि यात्रांत हलगी वाजवीत. ही कला परंपरेने मुख्यतः मातंग समाजाने सांभाळली. तिच्यावर साऱ्या गावाचे उत्सव झाले. मान मात्र वाजवणाऱ्याला क्वचितच मिळाला. शाळेत सहलीची यादी झाली तेव्हा ‘खेळणारे’ चोवीस धरले गेले. वाजवणारा त्यात नव्हता. भाडे व गणवेश यांचे पैसे प्रत्येकाने भरायचे होते. ते त्याच्या घरी नव्हते. “हलगी काय, कोणीही वाजवील,” असे ठरले. आम्हां चोवीस जणांपैकी एकही जण बोलला नाही. मीही नाही.

शिबिरात पहाटे सातला कार्यक्रम होता. मैदानावर दव पडलेले. आमच्यातील एकाने हलगी गळ्यात अडकवून टिपरू मारले, तर पाटीवर हात आपटावा तसा आवाज आला. शेकायचे कोणाला सुचलेच नाही. लय चढू लागली तशी मागची ओळ सुटली, मग मधली. शेवटी ढोलाच्या आधारावर कसेबसे संपविले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. ते सौजन्य होते.

परमुलखात आपली कला नेण्याचे मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेले आणि कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके त्याने तेथे दाखविली. ज्यांना आपण गावठी खेळ म्हणतो, ते समुद्रापलीकडे सन्मानाने नेता येतात, हे त्या मंडळींनी दाखवून दिले. कबड्डीला आशियाई क्रीडास्पर्धांत पदकाचा खेळ व्हायला मात्र १९९० साल उजाडावे लागले. अशा प्रवासात नुसते साहित्य नेऊन भागत नाही. ते ज्याच्या हातात जिवंत होते, तो माणूस न्यावा लागतो. आम्ही चोवीस लेझमा नेल्या आणि लय घरी ठेवली.

परतीच्या गाडीतून दौंडला रात्री उतरलो. सकाळच्या एस. टी.ने शिरूरला आलो, तर तो स्थानकावर उभा होता. “कशी झाली?” त्याने विचारले. मी खरे सांगितले. तो हसला नाही. त्याने हलगी हातात घेतली, कातड्यावरून बोट फिरविले आणि म्हणाला, “शेकली नाही व्हय रं?” एवढेच.

आज कृत्रिम पडद्याची हलगी बाजारात मिळते. ती दवाने सैल पडत नाही. पण लय कधी चढवायची, चुकलेल्या ओळीजवळ जाऊन तिला कसे सावरायचे, हे त्या पडद्याला येत नाही. यंदा आपल्या महाविद्यालयाचे पथक परराज्यात नेण्याचा विचार चालला आहे. यादी करणाऱ्या प्राध्यापकांना आणि मित्रांना माझी एकच विनंती आहे. पहिले नाव हलगीवाल्याचे लिहा, आणि त्याचे भाडे आपण सर्वांनी मिळून भरू. नववीत जे बोलायचे राहून गेले, ते आज येथे लिहून ठेवतो.