शेगडी नंतर, आधी जळण बघा!

मृग नक्षत्र तोंडावर आलं, की आपल्या पिंगळीत दारोदारी एकच लगबग. पत्रे नीट करा, धान्याला ऊन द्या, सरपण आत घ्या. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्यांची ही बेगमी हुकली, की पावसाळाभर हातात फुंकणी आणि डोळ्याला पदर! १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरिबाघरीही गॅस आला, हे खरंच. पण भाकरी, अंघोळीचं पाणी, लग्नकार्याचा स्वयंपाक यासाठी चूल काही विझली नाही. टाकी संपली अन् हातात पैसे नसले, की पुन्हा तीच चूल आणि तोच धूर. हा धूर साधा नाही बरं का. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

म्हणूनच बचत गटाच्या बैठकीत बायका विचारतात, "ताई, ती गोळ्यांवर चालणारी बिनधुराची शेगडी घ्यावी का हो?" या गोळ्यांना पेलेट म्हणतात. भुसा, भुईमुगाची टरफलं, उसाचं चिपाड, पिकांची धसकटं दळून, यंत्रात दाबून त्या करतात. दिसायला थेट जनावरांच्या गोळी पेंडीसारख्या. शेगडीतला छोटा पंखा हवा देतो, त्यामुळे जाळ निळसर-पिवळा, स्वच्छ लागतो.

ही शेगडी मराठवाड्याला नवी नाही. २००६ मध्ये बीपी कंपनीनं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीनं 'ऊर्जा' नावाची शेगडी आणली. लातूर, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) भागात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' संस्थेच्या बायकांनी ती घरोघरी पोचवली. २००९ मध्ये हे काम पुण्याच्या 'फर्स्ट एनर्जी'कडे गेलं. महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडूत मिळून सुमारे चार लाख शेगड्या खपल्या. मग पुढे काय झालं? कच्चा माल महागला, गोळ्यांचा भाव चढला, खेड्यात त्या वेळेवर मिळेनात. शेगडी धडधाकट, पण पोटात घालायला काही नाही! कंपनी हॉटेलं आणि मोठ्या स्वयंपाकघरांकडे वळली आणि कितीतरी शेगड्या माळ्यावर गेल्या.

यातून आपण एवढंच शिकायचं, की आधी गोळ्यांचा दुकानदार पक्का करायचा, शेगडी मागाहून. आज तर या गोळ्यांना मोठी गिऱ्हाइकं आहेत. कोळशाच्या वीज केंद्रांनी कोळशात अशा गोळ्या मिसळाव्यात, असा नियम केंद्र सरकारनं २०२१ मध्ये केला. कारखान्यांनी माल उचलला, की आपल्या दोन पोत्यांना कोण विचारणार?

पैशांचा हिशेबही सोपा आहे. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. तेवढाच स्वयंपाक पंख्याच्या शेगडीवर करायचा, तर ढोबळमानानं ६५ किलो गोळ्या लागतात. म्हणून गोळ्यांचा किलोचा भाव ६५ ने गुणा, वर वाहतूक धरा आणि टाकीच्या किमतीशी ताडून बघा. बचत उरली तरच पुढं जा.

गोळ्या घेताना पोतं उघडूनच बघायचं. गोळी गुळगुळीत, चकचकीत हवी. दोन बोटांत मोडली, तर खडूसारखी कट्कन तुटावी. दाबल्यावर भुगा होत असेल तर ती ओल धरलेली. पेलाभर पाण्यात एक टाका. चांगली गोळी बुडते, हलकी तरंगते. पोत्याच्या तळाशी भुसा फार असेल, तर तो शेगडीतली हवा कोंडतो आणि धूर होतो. रंगाचा, प्लायवूडचा वास आला तर हातच लावू नका. शेवटी एक किलो जाळून राख मोजा. लाकडाच्या भुशाच्या गोळीची राख चिमूटभरच निघते. भाताच्या तुसाची मात्र वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकी! माती मिसळलेल्या मालाचीही राख फार, शिवाय तिचे खडे होऊन शेगडी तुंबते.

आता साठवण. गोळीचा वैरी एकच, पाणी. लाकूड भिजलं तर पुन्हा वाळवता येतं, गोळी भिजली की काही मिनिटांत तिचा लगदा होतो. पोतं कधीही जमिनीवर टेकवू नका. खाली विटा, वर फळ्या, भिंतीपासून वीतभर अंतर आणि पोत्याच्या आत प्लास्टिकची पिशवी. रोजच्यापुरत्या गोळ्या झाकणाच्या डब्यात काढा आणि डबा चुलीपासून लांब ठेवा. जुनं पोतं आधी संपवा. एक खबरदारी महत्त्वाची. बंद कोठारात गोळ्यांचा मोठा साठा असला, तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही. युरोपात अशा कोठारांत माणसं गेली आहेत. आपली दोन पोती म्हणजे कोठार नव्हे, तरी ती झोपायच्या खोलीत नकोत, हवेशीर जागी असावीत. आणि पेटती शेगडी दार बंद करून कधीच नको.

गोळ्यांची शेगडी जमली नाही, तरी हेच नियम आपल्या सरपणाला लावा. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं पाणीच असतं. आधी ते पाणी उकळतं, मग भाकरी भाजते! म्हणून फाटी उन्हाळ्यातच बारीक फोडून वाळवा. पऱ्हाट्या-तुराट्यांच्या मुळांची माती झटका. गोवऱ्या रचून वरून शेणानं लिंपा, पाणी वरच्या वर ओघळून जातं. सरपणाचा ढीगही जमिनीपासून उंचावर रचा. काडी ओढताना आधी काठीनं हलवून घ्या, पावसाळ्यात विंचू-साप तिथंच आसरा घेतात.

शेगडीवाला दारात आला, तर त्याला आधी तीन गोष्टी विचारा. गोळ्या कुठून आणणार, भर श्रावणात मिळतील का आणि पंखा बिघडला तर दुरुस्त कोण करणार? जमल्यास गटानं मिळून एकच शेगडी घ्यावी, एक पावसाळा वापरून बघावी. ती पावसाळ्यात टिकली आणि गोळ्या मिळत राहिल्या, तर दुसरीचा विचार दिवाळीत!