‘नीरडिके आगिल्ल’ म्हणणारे अज्जा

युगादीला श्रीशैलला पोहोचायचे म्हणून दरवर्षी फाल्गुनात आपल्या उत्तर कर्नाटकातून मल्लय्याचे भक्त खांद्यावर कंबी घेऊन पायी निघतात. त्यांत साठी-सत्तरीची माणसेही असतात. आमच्या गल्लीतले अडुसष्ट वर्षांचे अज्जा त्यांतलेच. गेल्या वर्षी मात्र रायचूरच्या पुढे, भर दुपारी, भोवळ येऊन ते रस्त्याकडेला बसले. तासाभरापूर्वीच नातवाने पाण्याची बाटली पुढे केली होती. “नीरडिके आगिल्ल,” म्हणून अज्जांनी ती परत केली होती.

अज्जा खोटे बोलत नव्हते. त्यांना तहान खरेच लागली नव्हती, आणि घोटाळा तिथेच आहे. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 67 ते 75 वयाच्या निरोगी पुरुषांना आणि काही तरुणांना 24 तास पाण्याविना ठेवले होते. नंतर पाणी समोर आले, तेव्हा ज्येष्ठांना तहान कमी जाणवली आणि ते प्यायलेही कमी.

चालताना स्नायूंत उष्णता तयार होते. ती बाहेर टाकायला शरीर त्वचेकडे जादा रक्त पाठवते आणि घाम आणते. एक लिटर घाम अंगावरच वाळला, तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता जाते. नुसता गळून पडला तर काही उपयोग नाही. उतारवयात घामाच्या ग्रंथी असतात तेवढ्याच, पण प्रत्येकीतून घाम कमी येतो. त्वचेतल्या रक्तवाहिन्याही पूर्वीइतक्या फुलत नाहीत. हृदयाला मात्र स्नायू आणि त्वचा, दोघांनाही रक्त पुरवायचे असते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीरातले पाणी आणखी घटते. (गोळी आपल्या मनाने बंद करू नये, निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाणी किती प्यायचे तेही.)

म्हणून म्हाताऱ्यांनी घरी बसावे काय? मुळीच नाही. आपण वयाच्या माथी मारतो त्यातले बरेचसे बसून राहण्याचे फळ असते. नेमाने चालणाऱ्या ज्येष्ठांचे शरीर उन्हाला बरेच चांगले तोंड देते. रोज थोडे थोडे वाढवत गेल्यास दहा-चौदा दिवसांत उन्हाची सवयही होते. वर्षभर खुर्चीत बसून एकदम कंबी उचलणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाची मला अधिक काळजी वाटते.

जुने पदयात्री पहाटे चालत, दुपारी झाडाखाली पडत, मज्जिगे पीत. अज्जा गेल्या वर्षी तरुणांच्या टोळीत होते. तिथे दिवसाचे किलोमीटर मोजले जात, सावली नव्हे. नातवाने त्यांना सावलीत निजवले, ओला पंचा अंगावर टाकून वारा घातला, म्हणून निभावले. असा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर अंग गार करत करत थेट इस्पितळ गाठावे. तोंडात पाणी ओतू नये.

यंदा अज्जा आपल्या वयाच्या सोबत्यांबरोबर गेले. नातू होताच. पाणी हवे का, असे त्याने एकदाही विचारले नाही. घड्याळ बघून पेला हातात देत होता.