पाणलोटाची रेषा कोण काढतं?

गावात बंधारा कुठे घालायचा, कोणत्या ओढ्याचं खोलीकरण करायचं, हे आता बऱ्याचदा नकाशावर ठरतं. त्या नकाशावर पाणलोटाची रेषा असते. तिच्या अलीकडे पडलेला पाऊस आपल्या ओढ्याला, पलीकडचा शेजारच्या गावाला. पूर्वी टोपोशीटवरच्या समोच्च रेषा बघत माणूस ही रेषा पेन्सिलीनं काढायचा. शंका आली तर दुसरा माणूस तीच टोपोशीट पुढ्यात घेऊन ती तपासायचा. आता रेषा संगणक काढतो. मग ती तपासायची कशी? नकाशांसाठीच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा आढावा घेताना मला हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि विद्यार्थ्याला किंवा लहान संस्थेला त्याचं मोल फार आहे. पण त्यातलं गणित उघडं असतं, ही मला त्याहून मोठी गोष्ट वाटते.

या घराण्यातलं सर्वांत जुनं नाव ग्रास. अमेरिकी लष्कराच्या ताब्यात सरावासाठी अफाट जमिनी होत्या. तिथली धूप, जंगल, पाणी यांचा हिशेब ठेवण्यासाठी इलिनॉय राज्यातल्या शॅम्पेन इथल्या लष्करी प्रयोगशाळेनं 1982 पासून हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. 1990च्या दशकाच्या मध्यावर लष्करानं त्यातून अंग काढलं, तरी ते मेलं नाही. विद्यापीठातल्या लोकांनी ते उचललं, जर्मनीच्या मार्कस नेटेलर यांनी त्याभोवती माणसं जमवली आणि 1999 मध्ये ते जीपीएल परवान्याखाली आलं. म्हणजे ते कुणीही पाहावं, बदलावं, वाटावं. मात्र बदललेलं वाटायचं असेल तर तेही उघडंच ठेवावं.

ग्रासमध्ये 'आर.वॉटरशेड' नावाची आज्ञा आहे. जमिनीचे चौकोनी तुकडे पाडायचे, प्रत्येकाला उंची द्यायची, पाणी कोणत्या शेजारी तुकड्यात उतरेल ते ठरवायचं आणि प्रत्येक तुकड्यावर वरून किती तुकड्यांचं पाणी येतं ते मोजायचं. खरी अडचण खड्ड्यांची असते. उंचीच्या आकडेवारीत खोटे खड्डे असतात आणि पाणी तिथेच अडकतं. कित्येक सॉफ्टवेअर ते आधी बुजवून घेतात. ही आज्ञा न बुजवता त्यांतून बाहेर पडायची कमीत कमी खर्चाची वाट शोधते. सपाट मुलखात या दोन पद्धतींनी ओढे वेगवेगळ्या जागी येऊ शकतात. कोणती पद्धत वापरली आणि का, हे इथे वाचता येतं. उंचीचे आकडेही सर्वांसाठी खुले आहेत: फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर यानानं 11 दिवसांत रडारनं मोजलेले, आणि आपल्या कार्टोसॅट उपग्रहावरून बनवलेले, 'भुवन' या सरकारी संकेतस्थळावर मिळणारे.

या सगळ्याच्या पायाशी प्रोज नावाचं एक छोटं, जुनं काम आहे. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्यातल्या जेराल्ड इव्हेंडेन यांनी ते सुरू केलं. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची आणि एका मापनपद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नेण्याची सूत्रं त्यात आहेत. आपल्याकडे त्याची गरज पावलोपावली पडते. पुण्याची 47 एफ/14 ही जुनी टोपोशीट जॉर्ज एव्हरेस्टनं 1830 मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेली आहे. हातातला जीपीएस वेगळा आकार धरतो. रूपांतर चुकलं की रस्ता शेतात जातो आणि विहीर ओढ्यात.

सर्वसामान्य वापरणाऱ्याला मात्र यातलं क्यूजीआयएसच ठाऊक असतं. अलास्कातल्या गॅरी शर्मन यांना लिनक्सवर, डेटाबेसमधला नकाशा नुसता बघायचा होता. त्यासाठी 2002 मध्ये त्यांनी हे सुरू केलं. 1.0 आवृत्ती 2009 मध्ये आली, 3.0 आवृत्ती 2018 मध्ये. आज ग्रासच्या आज्ञाही त्याच खिडकीतून चालवता येतात आणि कुणीही पायथॉन भाषेत आपलं प्लगइन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्राम, लिहून त्याला जोडू शकतो. पडद्यामागे पोस्टजीआयएस नकाशे साठवतं, जिओसर्व्हर ते इंटरनेटवर पुरवतं, आणि कीव्हच्या व्होलोदिमिर अगाफोन्किन यांचं 2011 मधलं लीफलेट ते मोबाइलवर दाखवतं.

प्लगइनचं आपल्याकडचं मोठं उदाहरण 'पोकरा'चं, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचं. मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव भागातल्या गावांसाठी आयआयटी मुंबईच्या गटानं पाण्याचा ताळेबंद मांडणारं गणित क्यूजीआयएसच्या प्लगइनमध्ये बसवलं. रोजचा पाऊस, मातीचा पोत आणि खोली, उतार, जमिनीचा वापर, पीक हे सगळं त्यात जातं. किती पाणी वाहून गेलं, किती मातीत राहिलं, किती पिकानं घेतलं, किती जमिनीत मुरलं, हे बाहेर येतं. त्याचे तांत्रिक अहवाल वाचायला उपलब्ध आहेत. एखाद्या शेतकऱ्यानं ग्रामसभेत 'आमच्या माळावर मातीचा थर वीतभरच आहे, तुम्ही जास्त धरलाय' असं म्हटलं, तर तो आकडा बदलून ताळेबंद पुन्हा काढता येतो. सार्वजनिक पैशानं होणाऱ्या पाण्याच्या प्रत्येक कामात ही सोय असायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

मराठीला मात्र एका जुन्या साच्यानं फार छळलं. शेपफाइल हा 1990च्या दशकातला फाइलप्रकार अजूनही सरकारी कामात सर्रास चालतो. त्यात रकान्याच्या नावाला 10 बाइट मिळतात, आणि यूनिकोडच्या यूटीएफ-8 रूपात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. म्हणजे 'गाव' कसंबसं मावतं, 'तालुका' मावत नाही. 2014 मध्ये आलेल्या जिओपॅकेज या फाइलप्रकारात ही अडचण नाही. शासनाच्या खात्यांनी गावांची माहिती त्यातच द्यायला सुरुवात करावी. त्याला एक पैसा लागत नाही.

सॉफ्टवेअर उघडं असून नकाशाच बंद असेल तर उपयोग अर्धाच. स्टीव्ह कोस्ट यांनी 2004 मध्ये ब्रिटनमध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला तो याच अडचणीतून. 12 जानेवारी 2010च्या भूकंपानंतर जगभरातल्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रं बघून हैतीतले रस्ते काही दिवसांत काढले आणि बचावपथकांनी ते जीपीएसमध्ये घेतले. भारतात फेब्रुवारी 2021च्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशे करण्यावरची पूर्वपरवानगीची बरीच बंधनं उठली.

काळजी वाटते ती माणसांची. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी 1998 मध्ये सुरू केलेलं जीडीएएल शेकडो नकाशाप्रकार वाचतं आणि महागडी सॉफ्टवेअरंसुद्धा त्याच्यावर उभी आहेत. तरीही पुढे कित्येक वर्षं त्याचा भार मुख्यतः फ्रान्सच्या एव्हन रुओ या एकाच माणसाच्या खांद्यावर होता. मोठ्या कंपन्यांनी देखभालीसाठी नियमित पैसे द्यायला 2021 उजाडलं. आपली सरकारी खातीही हे सॉफ्टवेअर वापरतात; त्यांच्या निविदांत देखभालीचा वाटा असायला काय हरकत आहे?

आणि पुढचं मोठं काम गावाच्या नकाशांचं आहे. भूमी अभिलेख खात्याचे जुने नकाशे गावागावानं स्वतंत्र काढलेले, त्यामुळे एका गावाची शीव शेजारच्या गावाच्या शिवेशी सहसा जुळत नाही. क्यूजीआयएसमध्ये नकाशा उघडायचा, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथले दगड, जुन्या विहिरी, रस्त्यांचे तिठे नकाशावर आणि जमिनीवर जुळवायचे. प्रत्येक बिंदू किती चुकला ते तक्त्यात दिसतं. ज्या दगडाची चूक सर्वांत जास्त, तिथे दोन्ही गावांच्या माणसांना बरोबर घेऊन जायचं आणि पुन्हा मोजायचं.