हळदीचा खरा फायदा हवाय? मग ती पाण्यात नाही, फोडणीत घाला

जून २०२५ मध्ये एक रील सगळ्यांच्याच फीडवर होतं. अंधारी खोली, मोबाईलचा टॉर्च, त्यावर पाण्याचा ग्लास आणि वरून चिमूटभर हळद. ग्लास सोनेरी उजळायचा आणि मुलं खूश व्हायची. पण त्यात आणखी एक गोष्ट दिसत होती. हळदीचे कण पाण्यात विरघळत नव्हते, हळूहळू तळाशी जात होते. सकाळी उपाशीपोटी हळदीचं पाणी पिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

हळदीत नेमकं काय असतं?

हळदीचा पिवळा रंग आणि तिचे बरेचसे गुण कर्क्युमिन या घटकामुळे येतात. हळद पावडरमध्ये ते साधारण ३ टक्के असतं. म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यात (सुमारे ३ ग्रॅम) जेमतेम ९० मिलिग्रॅम. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. शिवाय पोटात गेलेलं बरंचसं कर्क्युमिन रक्तात न पोहोचताच बाहेर पडतं.

मिरीमुळे खरंच २००० टक्के फायदा?

हा आकडा खरा आहे, पण अर्धवट सांगितला जातो. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी माणसांना २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन आणि २० मिलिग्रॅम पायपरिन (मिरीतला तिखट घटक) दिलं. तेव्हा कर्क्युमिनचं शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. पण २ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे जवळपास ६५ ग्रॅम हळद! एवढी हळद कुणी खात नाही. त्यामुळे मिरी जरूर घाला, पण चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

मग स्वयंपाकात काय बदलायचं?

चांदवडकडच्या घरातलं रोजचं जेवण घ्या: वरण, भाजी, भाकरी. वरणाची हळद अनेकदा डाळीबरोबर थेट कुकरमध्ये जाते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या २००७ च्या अभ्यासात हळद शिजवल्यावर २७ ते ५३ टक्के कर्क्युमिन कमी झालेलं दिसलं. सर्वाधिक घट १० मिनिटं प्रेशर कुकरमध्ये शिजवल्यावर झाली. चिंच असताना मात्र घट १२ ते ३० टक्केच होती. म्हणून:

– हळद कुकरऐवजी नंतरच्या फोडणीत, गॅस मंद करून घाला.
– फोडणीला तेल किंवा तूप असतंच, तेवढं पुरे.
– वर चिमूटभर मिरपूड टाका.
– आमटीत चिंच घालत असाल तर चांगलंच.
– हळदीचं दूध घ्यायचं असेल तर साय न काढलेलं घ्या, त्यात मिरपूड घाला.

हळद कुठली घ्यायची?

चांदवड हा कांद्याचा तालुका, हळद बहुतेकांकडे दुकानातूनच येते. राज्यात वर्ध्याची वायगाव (२०१६), सांगली (२०१८) आणि हिंगोलीची वसमत (२०२४) या हळदींना भौगोलिक मानांकन आहे. शक्य असेल तर हळकुंडं आणून दळून घ्या, भेसळीची शक्यता कमी होते. भेसळीत मेटॅनिल यलोसारखा रंग किंवा शिसं असलेलं लेड क्रोमेट वापरलं जातं. शिसं लहान मुलांच्या मेंदूसाठी घातक आहे.

घरी एक साधी चाचणी करता येते. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाका आणि न ढवळता थांबा. शुद्ध हळद खाली बसताना पाणी फिकट पिवळं होतं. पाणी भडक पिवळं झालं तर कृत्रिम रंगाची शंका घ्या.

जास्त घेतली तर?

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनुसार रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम कर्क्युमिन इतकी आहे. ६० किलोच्या माणसासाठी हे १८० मिलिग्रॅम होतात, म्हणजे साधारण दोन चमचे हळद. जेवणातून आपण एवढी सहसा खात नाही.

खरा धोका कॅप्सूलचा आहे. हळदीच्या सप्लिमेंटमुळे यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये दिला. मिरीचा अर्क घातलेल्या गोळ्यांमध्ये शोषण वाढतं, तशी जोखीमही वाढते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा पित्ताशयात खडे असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा कॅप्सूल घेऊ नका.

आणि फॉरवर्ड मेसेज काहीही सांगो, हळद सुरू केली म्हणून शुगरची किंवा बीपीची गोळी बंद करू नका. हळद जेवणात असू द्या, गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांवर सोडा.