वैमानिकाने कळवलेलं हवामान

विमानातल्या रडारला पावसाचे थेंब दिसतात, निरभ्र आकाशातले हवेचे धक्के दिसत नाहीत. ते कळतात हवेच्या त्या थरातून जाणाऱ्या वैमानिकाला. मग तो रेडिओवरून नियंत्रकाला ठिकाण, वेळ, उंची, विमानाचा प्रकार आणि अनुभव कळवतो. अमेरिकेत याला ‘पायरेप’ म्हणतात.

विमानाचा प्रकार सांगायलाच हवा. छोट्या सेस्नाला हादरवणारे धक्के बोइंग ७४७ला जेमतेम जाणवतात.

गारा, विमानावर तीव्रतेने साचणारा बर्फ किंवा ज्वालामुखीची राख आढळली, तर निवेदन तातडीचं ठरतं. २४ जून १९८२ रोजी जावाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिनं बंद पडली. कोरडी राख रडारवर उमटलीच नव्हती. धोका नसला, तरी ‘इथे धक्के नाहीत’ हेही आवर्जून कळवावं. मागच्या विमानाला त्यावरूनच शांत उंची निवडता येते.